पडद्यावरील फुटबॉल : गुणदोषविवेचनाचा एक पाठ



एखाद्या वस्तूविषयी मत देणे वाटते तितके सोपे नाही. 'आवडले' किंवा 'आवडले नाही' एवढेच म्हटल्याने बोलणाराच्या मनाची स्थिती कळते. त्या वस्तूविषयी काहीच कळत नाही. वस्तूचे गुण कोणते, दोष कोणते, ते कशावरून ठरविले, आणि दोहोंचा ताळा करून अखेरचा निर्णय काय, हे क्रमाने सांगणे याला गुणदोषविवेचन म्हणतात. काव्य व नाटक यांच्या संबंधाने ही विद्या तुम्ही मराठीच्या तासाला थोडीफार शिकता; परंतु तिचे क्षेत्र तेवढेच नाही. बाजारातील भाजीपासून वर्तमानपत्रातील बातमीपर्यंत जिचा उपयोग होत नाही, ती विद्या परीक्षेनंतर फार दिवस टिकत नाही.

म्हणून या पाठासाठी आम्ही मुद्दाम असा विषय घेतला आहे की, ज्यावर वर्गातील प्रत्येकाला काही ना काही बोलावयाचे असते. तो विषय म्हणजे प्रतिवर्षी नव्याने निघणारा फुटबॉलचा व्हिडिओ गेम. पूर्वी त्याचे नाव 'फिफा' असे होते. २०२३ सालापासून तो 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने निघतो. त्याविषयी मत विचारले असता मुलांकडून 'एक नंबर' असे उत्तर येते, आणि पालकांकडून 'वेळेचा नाश' असे येते. दोन्ही उत्तरे एकाच कारणाने अपुरी आहेत : दोहोंतही कारण दिलेले नाही. आणि कारणांवाचून दिलेल्या अशा दोन मतांमुळे पुष्कळ घरांतून जेवणाच्या वेळी बापलेकांचा अबोला होतो, हे आम्ही पालकसभेत अनेकदा ऐकले आहे. तेव्हा विषय खेळाचा असला तरी तो क्षुल्लक नव्हे.

खेळाची पूर्वपीठिका

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने या मालिकेतील पहिला खेळ डिसेंबर १९९३ मध्ये काढला. त्या वेळी मैदान वरून तिरकस दिसत असे, आणि खेळाडूंची नावेही खरी नव्हती. तेव्हापासून प्रतिवर्षी नवी आवृत्ती निघत आली. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेशी असलेला नावाचा करार तुटत असल्याचे मे २०२२ मध्ये जाहीर झाले. 'फिफा २३' ही त्या नावाची शेवटची आवृत्ती ठरली, आणि २९ सप्टेंबर २०२३ रोजी 'एफसी २४' बाहेर पडला.

नाव गेले, आता खेळही संपणार, असे त्या वेळी पुष्कळांनी बोलून दाखविले. तसे झाले नाही. कारण क्लबांची, स्पर्धांची व खेळाडूंची नावे वापरण्याची परवानगी कंपनी त्या त्या संस्थांकडून स्वतंत्रपणे घेत असे. मथळा बदलला, मजकूर राहिला. विवेचनाचा पहिला धडा येथेच मिळतो : वस्तूचे नाव आणि वस्तूचे सत्त्व या दोन गोष्टी निरनिराळ्या तपासाव्या.

आपल्याशी या खेळाचा संबंध 'फिफा २२' पासून अधिक जवळचा झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी निघालेल्या त्या आवृत्तीत इंडियन सुपर लीगचा प्रथमच समावेश झाला, आणि २०१४ साली स्थापन झालेला मुंबई सिटी हा क्लब पडद्यावर आला. या क्लबाने २०२०–२१ च्या हंगामात लीगची ढाल आणि चषक ही दोन्ही मिळविली होती. त्याचे सामने अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील मैदानावर होत आले आहेत. ज्या मैदानावरून लोकांचा गजर शेजारच्या इमारतींत ऐकू जातो, त्या मैदानाचा संघ लंडन-माद्रिदच्या संघांबरोबर एकाच यादीत पाहून अंधेरी-जोगेश्वरीच्या मुलांना धन्यता वाटली असल्यास त्यात नवल नाही.

गुण

टीकाकार ज्या गुणांविषयी बहुधा एकमत होतात, त्यांपैकी पहिला म्हणजे विस्तार. 'एफसी २४' मध्ये १९,००० हून अधिक खेळाडू, ७०० हून अधिक संघ, ३० हून अधिक लीग आणि १०० हून अधिक मैदाने आहेत, असे प्रकाशकांनीच जाहीर केले होते. घाटकोपरच्या ज्या मुलाला नकाशात पोर्तुगाल दाखविता येत नाही, तोच तेथील क्लबांची नावे धडाधड सांगतो. ही माहिती उपयोगाची की नाही, हा प्रश्न वेगळा. पण ती मिळते, हे नाकारता येत नाही.

दुसरा गुण म्हणजे हालचालींतील खरेपणा. 'फिफा २२' साठी २२ खेळाडूंना संवेदक बसविलेले पोशाख घालून पुरा सामना खेळावयास लावले, आणि त्यांच्या धावण्याची, वळण्याची व पडण्याची नोंद यंत्राने घेतली. 'एफसी २४' साठी १८० हून अधिक प्रत्यक्ष सामन्यांतील हालचालींची माहिती वापरली गेली. धिप्पाड बचावपटू वळताना जड वाटतो आणि सडपातळ आघाडीपटू चटकन निसटतो, याचे रहस्य या परिश्रमात आहे. मात्र 'फिफा २२' मधील ही सुधारणा नव्या पिढीच्या कन्सोलांवरच होती. जुन्या यंत्रावर खेळणाऱ्यास ती मिळाली नाही. म्हणून कोणाचेही मत वाचताना ते कोणत्या यंत्रावर खेळून दिले आहे, हे प्रथम पाहावे.

तिसरा गुण मुलींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 'फिफा १६' मध्ये, म्हणजे २०१५ साली, स्त्रियांचे १२ राष्ट्रीय संघ या मालिकेत प्रथमच आले. 'फिफा २३' मध्ये स्त्रियांच्या क्लबांच्या स्पर्धा आल्या. आशियाई महिला चषकाचे सामने २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या अंधेरीच्या मैदानावरही झाले. फुटबॉल हा पुरुषांचाच खेळ, ही समजूत मैदानावर आणि पडद्यावर अशी दोहोंकडून ढिली होत आहे.

चौथा गुण सांगितला जातो तो खेळाची समज वाढण्याचा. ऑफसाइड म्हणजे काय, मधली फळी पुढे सरकली म्हणजे पाठीमागे खिंडार कसे पडते, दमलेला खेळाडू केव्हा बदलावा, हे पडद्यावर खेळणाऱ्यास लवकर कळते. येथे मर्यादाही सांगितली पाहिजे. समज डोळ्यांची वाढते, पायांची वाढत नाही. पास कोठे द्यावा हे कळणे आणि तो देता येणे, या दोहोंमध्ये सरावाची कित्येक वर्षे असतात.

दोष

पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा की, दरवर्षी नवी किंमत घेतली जाते. नवी वस्तू मात्र दिली जात नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे निन्टेंडो स्विच या यंत्रासाठी निघालेल्या 'लेगसी एडिशन' नावाच्या आवृत्त्या. त्यांत संघांच्या याद्या व पोशाख ताजे केलेले असत; खेळ जुनाच असे. आयजीएन या प्रसिद्ध समीक्षासंस्थेने 'फिफा २०' च्या अशा आवृत्तीस १० पैकी २ गुण दिले. आणि पुढील वर्षी 'फिफा २१' ची तशीच आवृत्ती निघाली तेव्हा तेच परीक्षण पुन्हा छापले. खेळ बदलला नाही, तर परीक्षण तरी का बदलावे, असा त्यातील टोला होता. तथापि न्यायाच्या दृष्टीने हेही सांगावयास हवे की, ही आवृत्ती जुन्याच धर्तीची आहे हे प्रकाशकांनी लपविले नव्हते. टोला कितीही नेमका बसला तरी दुसरी बाजू सांगावयाचे विसरू नये.

दुसरा आक्षेप खरेपणातील उणिवांचा. वर दिलेले आकडेच पाहा : संघ ७०० हून अधिक, आणि मैदाने शंभराच्या थोडी वर. अर्थात बहुसंख्य संघांना काल्पनिक मैदानांवर खेळावे लागते. तसेच परवानगी दुसऱ्या कंपनीकडे गेली की खरे नावही जाते. इटलीतील युव्हेंटस हा नामांकित क्लब 'फिफा २०' पासून 'फिफा २२' पर्यंत 'पियेमोन्ते काल्चो' या टोपणनावाने वावरत होता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून तो खेळाच्या कौशल्याविषयी नाही, तर पैशाविषयी आहे. 'अल्टिमेट टीम' या विभागात खेळाडूंची कार्डे जमवून संघ बांधावयाचा असतो. ही कार्डे बंद पॅकांतून निघतात. पॅक खेळून मिळविता येतात, तसे खरे पैसे देऊनही घेता येतात. आत काय निघेल ते दैवावर. शिवाय पुढील वर्षी नवी आवृत्ती आली की जमविलेला संघ मागेच राहतो, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. २०२१ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला आपल्या सर्व क्रीडाखेळांतील या विभागापासून १६२ कोटी डॉलरांचे उत्पन्न झाले. एवढे उत्पन्न जेथून येते तेथेच कंपनीचे लक्ष राहावे, आणि एकट्याने खेळावयाच्या 'करिअर मोड' कडे दुर्लक्ष व्हावे, अशी टीकाकारांची तक्रार आहे.

येथे थोडे गणित करू. समजा, हवे असलेले कार्ड निघण्याचा संभव शंभरात एक आहे. पुष्कळांना वाटते की, शंभर पॅक उघडले म्हणजे ते निघालेच. हे चूक आहे. प्रत्येक वेळी न निघण्याचा संभव ०.९९, शंभर वेळा न निघण्याचा संभव ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. याचा अर्थ, शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पॅक उघडले, तरी त्यांतील सुमारे सदतीस मुले रिकाम्या हातांनी परत येतील. मागचे नव्व्याण्णव पॅक फुकट गेले याची शंभराव्या पॅकला काही जाणीव नसते. सर्वोत्तम कार्डांच्या पुढे खेळातच 'एक टक्क्याहून कमी' असे लिहिलेले आढळते, हे ध्यानात घेतल्यास वडिलांच्या फोनवरून गुपचूप दिलेले पैसे कोठे जातात ते कळेल.

हा जुगार आहे काय? या प्रश्नावर शेजारशेजारच्या दोन देशांनी निरनिराळे उत्तर दिले. बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी २०१८ साली अशा पॅकांना जुगार ठरविले, आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने तेथील विक्री थांबविली. नेदरलँड्समध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने १ कोटी युरोंचा दंड कायम केला. पण मार्च २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायपीठाने तो रद्द केला, कारण पॅक हे स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या एका मोठ्या खेळाचा भाग आहेत, असे त्याचे मत पडले. कंपनीची बाजू अशी की, ही केवळ आश्चर्यभेटीची रचना आहे. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांविषयी कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पॅकातून पैसे परत मिळावयाचे नसतात; जातात तेवढे खरे. म्हणून कायदा काय म्हणतो यापेक्षा घराचा नियम काय, हा प्रश्न आपल्यापुरता अधिक महत्त्वाचा आहे.

संशय आणि पुरावा

आता अशा एका मताकडे वळू की, जे मुलांच्या तोंडी नेहमी असते, पण ज्याला मत म्हणण्यापेक्षा संशय म्हणणे योग्य होईल. 'मी जिंकत होतो, खेळानेच मला हरविले' ही ती तक्रार. सामना रंगतदार व्हावा म्हणून खेळ आतून गुपचूप जिंकणाराचे पाय जड करतो, असा समज जगभर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात काही खेळाडूंनी या मुद्द्यावर कंपनीविरुद्ध दावाही लावला. खेळाची काठिण्यपातळी आपोआप बदलणाऱ्या एका युक्तीचे पेटंट कंपनीकडे होते, ही गोष्ट खरी. त्यावरून ती युक्ती या खेळात वापरली जाते, असे वादींनी अनुमान केले. कंपनीने ते नाकारले आणि तांत्रिक माहिती पुढे ठेवली. २०२१ च्या आरंभी वादींनी आपण होऊन दावा मागे घेतला.

यावरून काय शिकावयाचे? घरात सुरी आहे, एवढ्यावरून खून झाला असे ठरत नाही. हरलेल्या माणसाला कारण हवे असते, आणि हाताशी असलेले कारण त्याला पुराव्यासारखे भासते. गणितात गुण कमी पडले म्हणजे पेपर तपासणाराविषयी जे उद्गार निघतात, त्यांची जात हीच.

याच्या उलट उदाहरण कोनामी या जपानी कंपनीच्या 'ई-फुटबॉल' चे. तो ३० सप्टेंबर २०२१ रोजी निघाला. तो फुकट होता. तरीसुद्धा खेळाडूंचे वेडेवाकडे चेहरे आणि अपुरी रचना पाहून लोकांनी त्याला इतके प्रतिकूल अभिप्राय दिले की, स्टीम या विक्रीकेंद्रावर काही काळ तो सर्वांत वाईट ठरला. कंपनीने क्षमा मागितली. येथे टीका सबळ ठरली, कारण दोष कोणालाही डोळ्यांनी पाहता येत होता. पडताळून पाहता येणारा दोष सांगणे ही टीका. पडताळता न येणारा सांगणे हा केवळ राग.

टीकेने काय साधते?

'आपण बोलून काय होणार?' असे म्हणून पुष्कळ लोक गप्प बसतात. या खेळाचा इतिहास तसे सांगत नाही. पॅकांवरील टीकेनंतर, आपण किती वेळ खेळावे व किती पॅक उघडावे याची मर्यादा घालण्याचे साधन २०२० च्या अखेरीस खेळातच देण्यात आले. आणि जून २०२१ मध्ये, विकत घेण्यापूर्वी आत काय आहे ते दाखविणारे पॅक आले. २७ सप्टेंबर २०२४ रोजी निघालेला 'एफसी २५' अपेक्षेइतका चालला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीला आपल्या उत्पन्नाचा अंदाज खाली आणावा लागला. नंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजी आलेल्या 'एफसी २६' मध्ये, स्पर्धेसाठी चपळ आणि खऱ्या सामन्यासारखा संथ, अशा खेळण्याच्या दोन वेगळ्या रीती देण्यात आल्या. एकाच गतीने सर्वांचे समाधान होत नाही, ही खेळाडूंची तक्रार होती. मुद्देसूद तक्रार आणि बंद राहिलेला खिसा, या दोन भाषा व्यापाऱ्यास चांगल्या समजतात.

आपल्यापुरता निर्णय

गुण व दोष मांडून झाल्यावर निर्णय टाळणे हाही विवेचनातील दोषच होय. तेव्हा आमचा निर्णय सांगतो.

वस्तू म्हणून हा खेळ उत्तम कारागिरीचा आहे. परंतु तो दरवर्षी विकत घेण्याजोगा नाही. काही हजार रुपयांची वस्तू एकदा घेतली, तर ती दोनतीन वर्षे खुशाल वापरावी. शेजारी मित्र किंवा बहीण बसवून खेळावयास तो फार चांगला. पॅकांवर पैसे घालून खेळावयास वाईट. ज्या घरी अल्टिमेट टीम खेळावयाची असेल, तेथे 'खरा पैसा एकही नाही' हा नियम पहिल्याच दिवशी व्हावा.

वेळेविषयी एक गोष्ट लक्षात आणून देतो. नवी आवृत्ती बहुधा सप्टेंबरअखेर निघते. आपल्याकडे त्याच सुमारास पाऊस ओसरतो, चारपाच महिने चिखलात बुडालेली मैदाने कोरडी होऊ लागतात, आणि सहामाही परीक्षाही उंबरठ्यावर येते. जून ते सप्टेंबर या काळात पडद्यावर खेळणाऱ्यास आम्ही फारसा दोष देणार नाही. पण मैदान वाळल्यावरही जो खोलीतच राहतो, त्याने आपल्या वर्षातील उत्तम दिवस गमावले.

पालकांनाही एक विनंती आहे. बोरिवली-मुलुंडच्या कित्येक इमारतींच्या आवारात 'येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी असते, आणि पाटी नसेल तेथे मोटारी उभ्या असतात. पाटी लावणारे हात मोठ्यांचे असतात. मुलाला बाहेर जागा ठेवावयाची नाही आणि आत बसल्याबद्दल रागवावयाचे, हा न्याय नव्हे. एखाद्या रविवारी अर्धा तास त्याच्या शेजारी बसून तो काय खेळतो ते पाहावे, आणि मग मत द्यावे. मुलांनीही 'आशियाई क्रीडास्पर्धेत या खेळाला पदक आहे' हा युक्तिवाद जपून करावा. २०२३ साली हांगझोऊ येथे फुटबॉलच्या या खेळाच्या 'एफसी ऑनलाईन' या रूपाला पदके होती, हे खरे. पण पदके तीन असतात, आणि खेळणारे कोट्यवधी.

अभ्यास

१. तुम्हाला परिचित असलेल्या कोणत्याही खेळाचे दोन गुण व दोन दोष, प्रत्येकी कारणासह लिहा. 'मस्त', 'भारी', 'बकवास' हे शब्द वापरू नयेत.

२. हवे कार्ड निघण्याचा संभव पन्नासात एक असल्यास, पन्नास पॅक उघडूनही ते न निघण्याचा संभव काढा. उत्तर वरील उदाहरणातील उत्तराच्या किती जवळ येते, ते पाहा.

३. बेल्जियम व नेदरलँड्स यांच्या निर्णयांपैकी तुम्हाला कोणता पटतो? प्रथम विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडा, मग आपले मांडा.

४. हा पाठ घरी मोठ्यांना वाचून दाखवा, आणि त्यांना न पटलेला एक मुद्दा वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून आणा.